पडद्यावरचा लाल ठिपका

मी ड्रोन बोलतोय. उडता कॅमेरा म्हणायचे मला. आता एव्हरेस्टच्या पायथ्याशी, खुंबूतल्या एका चहाच्या दुकानात, खिडकीत, बसता कॅमेरा झालोय. चार पंखांतले दीडच शाबूत आहेत.

काय उडायचो मी! एकदा ढगाने मला वाट विचारली होती. एका गिधाडाने तर मला पाहून उडणंच सोडलं, हल्ली पायी फिरतं म्हणे. बरं, यात थोडा मीठमसाला आहे. पुढच्यात नाही.

एका परदेशी पाहुण्याच्या चढाईवर सिनेमा काढायला दिग्दर्शकसाहेबाने मला आणलं आणि उडवायला इथल्याच यांग्जी नावाच्या पोरीच्या हाती दिलं. तिचा थोरला भाऊ फुरबा, तिचा दाइ, बर्फाच्या भेगांवर शिड्या बांधायचा. पाहुणे त्यांवरून चढायचे आणि शिखर आम्ही जिंकलं म्हणायचे. चढाईआधीच्या पूजेत त्याने माझ्याही अंगाला सातूचं पीठ फासलं.

"दाइ, पंख्यात जाईल ना पीठ!"

"जाऊ दे गं. हाही दुसऱ्यांसाठीच वर जाणारा. आपल्यातलाच."

त्या सकाळी मी कड्यावरच्या पाहुण्याभोवती घिरट्या घालत होतो. खाली बर्फाचा बुरूज ढासळला. पांढरा धुरळा बसला, तेव्हा मला दूर तुटक्या शिडीपाशी एक लाल ठिपका हलताना दिसला. यांग्जीच्या पडद्यावर तो तिळाएवढा.

"साहेब, ते दाइचं जॅकेट वाटतंय. खाली नेऊन बघते."

"एक मिनिट! ऊन बरोबर पाहुण्याच्या मागे आलंय. असं पुन्हा मिळायचं नाही."

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला, "फुरबा पोचला खाली! सुखरूप आहे!"

"झालं समाधान?" साहेब म्हणाला.

यांग्जीने डोळे पुसले. "मेल्या, जीव घेतलास ना माझा," असं भावाला म्हणत ती हसली. ठिपका म्हणजे फडफडतं निशाण असेल, असं ठरवून तिने मला पुन्हा पाहुण्याकडे वळवलं.

या शेर्पा लोकांत पुष्कळदा जन्मवारावरून नाव ठेवतात. सोमवारचा तो दावा, गुरुवारचा तो फुरबा. त्या दिवशी तळावर चार फुरबा होते.

माझी बॅटरी संपेपर्यंत चित्रण चाललं. मग मला काखेत मारून ती स्वयंपाकाच्या तंबूत गेली. तिथे आचारी दात काढून हसत होता.

"सगळे मला बघून एवढे खूश का? वरच्या तळावर बटाटे पोचवून आलो, शिखर नाही चढलो!"

"तो निरोप... तुझा होता?"

"मग? फुरबा मीच की!"

ती धावत बाहेर आली, अर्धी भरलेली बॅटरी माझ्यात कोंबली. पण धुकं उतरलं होतं. मी भेगेत शिरलो. शिडीचा तुकडा दिसला, एक हातमोजा दिसला. लाल काही दिसलं नाही. मग वाऱ्याने मला बर्फावर आपटलं. शोधायला गेलेल्यांनी मला वर आणलं. त्याला नाही.

पुढे सिनेमा आला. गावात दाखवला, तेव्हा त्या उन्हाच्या दृश्याला टाळ्या पडल्या. यांग्जी मात्र पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. कोपरा पांढराशुभ्र. साहेबाने ठिपका पुसला होता. डोळ्यांत खुपत होता म्हणे. माझ्या पोटातल्या कार्डात तो अजून हात हलवतोय.

हे दुकान यांग्जीचं. माझ्या शेजारी तिचा वॉकीटॉकी असतो. बर्फ कोसळल्यावर कुणी ओरडलं, "दावा आला!" की ती लगेच विचारते, "कुठला दावा? गाव सांग, बापाचं नाव सांग. त्यालाच बोलू दे."

"डोकं खाते ही बाई," पलीकडचा करवादतो.

खाऊ दे. तुम्हीही विचारत जा, बाबांनो. त्या दिवशी मला डोळा होता, तोंड नव्हतं.