काचेच्या अलीकडची खुर्ची

तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायाची थट्टा ठरलेली होती. माझी झडती घेताना तो म्हणायचा, "चावीवाले आजोबा, आत काही उघडू नका हं." चाळीस वर्षं मी कुलपं दुरुस्त केली. त्यातली नऊ वर्षं दर रविवारी, चर्च सुटलं की मी सरळ तिकडे जात असे. कैद्याला भेटलं की प्रभूलाच भेटल्यासारखं, असं आमचे पाळकसाहेब सांगत. माझ्याबरोबर सुरुवात केलेले बाकीचे सगळे दोन-चार महिन्यांत गळाले. मी टिकलो. खरं सांगायचं तर मला प्रभूपेक्षा आतल्या एका पोराचीच ओढ लागली होती. बायको लवकर गेली, पदरी मूल नाही.

त्याचा नंबर चारशे बारा. हाणामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला, तेव्हापासून आईनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

भेटीच्या खोलीत मधे काच आणि बोलायला फोन. किल्ल्यांवरच्या नंबरांमुळे मला आकडे येत, अक्षर मात्र एकही येत नव्हतं. तो काचेवर वाफ सोडून बोटानं अक्षरं काढायचा, मी ती लक्षात ठेवून घरी गिरवायचो. तीन महिन्यांनी पाळकसाहेबांना वही दाखवली, तर ते हसून हसून बेजार. सगळी अक्षरं उलटी! काचेच्या पलीकडून लिहिलेली ना. त्यानंतर तो माझ्यासाठी उलटं लिहायला शिकला, म्हणजे मला सुलटं दिसावं. साठी ओलांडल्यावर मी वाचू लागलो तो असा.

भेट संपताना तो डोळे मिटून म्हणायचा, "प्रभू, आईचं मन वळव." मी आमेन म्हणायचो.

मग एका रविवारी फाटकाजवळच्या बाकावर एक बाई दिसली. मांडीवर पिशवी, हातात चुरगळलेली चिठ्ठी.

"दादा, एवढा नंबर वाचता का? आणि फळ्यावर बघा ना, याची भेट आहे का आज."

चिठ्ठीवर चारशे बारा. मी तिच्याकडे पाहिलं. नाक अगदी तेच.

"कोण तुमचा?"

"मुलगा. नऊ वर्षांत फिरकले नाही. आता वाटतं, उद्या मी डोळे मिटले तर?" मग तिनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"मुलगा," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

फळ्यावर चारशे बारासमोर माझं नाव होतं. आठवड्याला एकच भेट. त्याखाली आणखी एक ओळ होती: रक्ताचे नातेवाईक आल्यास त्यांना आधी सोडावे. ती ओळ मी मनातल्या मनात वाचली आणि तिथेच ठेवली.

"त्याची आजची भेट भरलीय, बाई. पुढच्या रविवारी या."

"बरं," ती म्हणाली. "दोन गाड्या बदलून आले. जरा टेकते इथंच."

मी आत गेलो. तो नेहमीसारखा हसला. दाढ दुखायची थांबली म्हणाला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी हं हं करत होतो. मी काय चोरलं होतं? नऊ वर्षं ऊन-पावसात मी आलो. ही आज उगवली आणि लगेच आई!

"काका, आज लक्ष नाही तुमचं. चला, आधी प्रार्थना करू," तो म्हणाला आणि डोळे मिटले. "प्रभू, आईचं मन वळव."

मी तोंड उघडलं. आमेन काही बाहेर येईना.

"काका?"

"वळलंय," मी म्हणालो. "बाहेर बसलीय."

फोन तसाच लोंबकळत सोडून मी बाहेर आलो. शिपायाला सांगितलं आणि तिला म्हटलं, "जा, सोडतायत." पिशवी आत नेता येत नव्हती, ती तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

बाकावरून समोरच्या भेटीच्या खोलीच्या दारातल्या चौकोनी काचेतून आतलं थोडं दिसत होतं. ती रडत होती, तोही. मग त्यानं काचेवर वाफ सोडली आणि बोटानं उलटं लिहिलं. ते उलटं लिहिणं माझं होतं. माझ्यासाठी शिकलेलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मांडीवर तिची पिशवी होती.

ती बाहेर आली ती डोळे पुसत. "अर्ध्या तासातली वीसच मिनिटं मिळाली. आधीची दहा कुठल्या मेल्यानं खाल्ली कोण जाणे."

"मीच तो मेला," मी म्हणालो. "मला मुलगा नाही. मी तुमच्याच मुलाला भेटायला येतो. फळ्यावर लिहिलं होतं, आईला आधी सोडा म्हणून. मी सांगितलं नाही."

तिनं मला खालीवर न्याहाळलं.

"दर रविवारी येता?"

"दर रविवारी."

"त्यानं चहातली साखर सोडलीय. ठाऊक होतं तुम्हाला?"

"चार वर्षं झाली."

तिनं माझ्या मांडीवरची पिशवी हिसकावून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. सकाळपासून ती माझ्याच डोळ्यांत होती.

फाटकापर्यंत जाऊन ती थांबली. मान न वळवता म्हणाली, "काचेवर काहीतरी लिहीत होता. मला कुठलं वाचता येतंय. काय होतं?"

बाकावरूनही मी ते वाचलं होतं. "आई," म्हणालो. "आई लिहिलं होतं."

तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग विचारलं, "आणि तुमच्यासाठी काय लिहायचा?"

"अख्खी बाराखडी," मी म्हणालो. तेवढं सांगितल्याशिवाय काही मला राहवलं नाही.