बोलण्याचे टप्पे वेगळे

विट्यात स्मार्टफोनची किंमत टप्प्यांत घेतात. टप्पा म्हणजे एस.टी.चा, सहा किलोमीटरचा. गिऱ्हाइकाने आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव आणि गाव लिहून द्यायचं. फोनची किंमत त्या माणसाच्या आणि आपल्या मधल्या रस्त्यात घातली जाते आणि रस्ता तेवढा लांब होतो. पैसे कुणी मागत नाही. एकदा घातलेला टप्पा मात्र परत निघत नाही.

महिपती शेंडगेला यात वावगं काही वाटलं नाही. त्याला संशय आला तो दराचा.

एकतीस वर्षं त्याने एस.टी.त कंडक्टरकी केली होती. गाडीत चढलेला प्रत्येक माणूस बिनतिकिटाचा आहे असं धरून चालायचं आणि मग एकेकाला सोडत जायचं, ही त्याची रीत. रिटायर झाल्यावर गाडी सुटली, रीत सुटली नाही. दूधवाल्याने माप कमी घातलं तर हा भांडायचा आणि भरून घातलं तर विचारायचा, "आज जास्त का घातलंस?" बायको कलावती म्हणायची, यमाने दार वाजवलं तरी हा माणूस आधी त्याचं ओळखपत्र बघेल.

पण फोन घेणं भाग होतं. जुना बटणांचा फोन पाण्याच्या बादलीत पडून गेला होता. एकुलती एक मुलगी सुकन्या अकलूजला दिलेली, तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्यात तिला विट्याला आणायची. तोवर पोरीचं तोंड तरी दिसावं, असं कलावतीने रोज सकाळ-संध्याकाळ चालवलं होतं.

दुकानात काउंटरमागे एक मुलगी बसली होती. छातीवर दीपाली असं नाव लावलेलं.

"रोख घेतला तर ऐंशी टप्पे," ती म्हणाली. "एकदम. परत काही नाही."

"आणि करारावर?"

"आत्ता काहीच नाही. महिन्याला दोन टप्पे, चोवीस महिने."

महिपतीने जागच्या जागी हिशेब केला. अठ्ठेचाळीस. त्याने परत केला. अठ्ठेचाळीसच.

"हप्त्यानं स्वस्त?"

"हो."

"जगात हप्त्यानं काय स्वस्त मिळतं का, पोरी?"

"आमच्याकडे मिळतं, काका."

पाणी कुठंतरी मुरत होतं. महिपतीने चष्मा पुसला, कराराचा कागद मागितला आणि सगळा वाचला. मग तोच कागद शेवटच्या ओळीपासून पहिलीपर्यंत वाचला, कारण लबाडी करणारा माणूस कागद वरून खाली लिहितो आणि खालून वर वाचणाऱ्याची त्याला कल्पना नसते, असा त्याचा अनुभव होता. अकराव्या कलमात त्याला हवं ते सापडलं. बोलण्याचे टप्पे वेगळे. रोज वीस मिनिटं मोफत, त्यापुढे दर मिनिटाला एक टप्पा.

"हे बघ," तो बोट ठेवून म्हणाला. "सापडलं."

"आम्ही लपवलं नव्हतं, काका. मोठ्या अक्षरात आहे."

अक्षर खरोखरच मोठं होतं. महिपतीला ते जरा लागलं.

तरी त्याने दोन्ही बाजू नीट तोलल्या. विटा-अकलूज बावीस टप्पे. हा रस्ता त्याने इतक्या वेळा केला होता की डोळे मिटून कुठला खड्डा आला ते सांगू शकत होता. रोख घेतला तर बावीसाचे झाले एकशे दोन. शेजारच्या बजरंग गुरवाने रोख घेतला होता, बायकोच्या भावाच्या रस्त्यावर. तो भाऊ कराडहून भाऊबीजेला सायकलवर निघाला तो तुळशीच्या लग्नाला पोचला, तोही पाय सुजवून. सातव्या महिन्यातली पोर एकशे दोन टप्पे कशी येणार? करारावर घेतला तर तोवर दोनच हप्ते जातील. बावीस आणि चार, सव्वीस. तासभर जास्त. आणि बोलण्याचं म्हणाल तर शेंडग्यांच्या घरात फोनवर दोन मिनिटांच्या वर कुणी बोललंच नव्हतं. पोचलात का, पोचलो, बरं, ठेवतो. झालं.

उरलेले हप्ते सुकन्या घरी आल्यावर पडणार होते. म्हणजे विट्याहून तिचं सासर दर महिन्याला दोन टप्पे लांब जाणार होतं. तर जाऊ दे, असं महिपतीच्या मनात आलं. पोरगी जरा जास्त दिवस राहील. हे त्याने कलावतीला सांगितलं नाही.

त्याने सुकन्या, अकलूज असं लिहून दिलं आणि करारावर सही केली.

पहिल्या तारखेला पहिले दोन टप्पे पडले. भिवघाट आणि खानापूरच्या मध्ये धोंडेवाडी नावाचं गाव आलं, आणि त्याच्या पुढे सहा किलोमीटरवर नुसताच एक फाटा. महिपतीला राहवेना. पोरगी ज्या रस्त्याने येणार तो आपण बघायला नको? तो सकाळच्या गाडीने धोंडेवाडीला जाऊन उतरला.

गाव चांगलं होतं, हेच त्याला खटकलं. कडुलिंबाचा पार होता, पत्र्याचं हॉटेल होतं, शाळेच्या भिंतीवर पाढे रंगवले होते आणि त्यातला रंग उडालेला होता. चार दिवसांच्या गावाचा रंग उडतो कसा? पारावर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता.

"कधीपासनं राहताय हितं?" महिपतीने विचारलं.

"आज्यापासनं."

"आजा काय करत हुता?"

"ह्याच पारावर बसत हुता."

म्हाताऱ्याने तंबाखू तोंडात टाकली आणि महिपतीला नीट न्याहाळलं. "तुमचीच पोर येणार न्हवं का ह्या वाटंनं? काळजी करू नगा. आमची माणसं हायती."

महिपतीने चहासुद्धा घेतला नाही. घरी पोचतो तोच फोनवर निरोप आला. करारदाराने स्वतः रस्ता तपासल्याबद्दल एक टप्पा. यापुढे करारदाराने या रस्त्यावर पाऊल ठेवल्यास प्रत्येक फेरीला पाच.

"बघ," तो कलावतीला म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? लबाड आहेत."

"मग गेलायसा कशाला?" कलावती म्हणाली. "आता पोरीला आणायला कोण जाणार?"

मुलीला बाळंतपणाला आणायला बापाने जायचं, निदान भावाने. भाऊ तिला नव्हता. जावई साखर कारखान्यात, आणि गाळप ऐन भरात. शेवटी जावयाने तिला अकलूजला गाडीत बसवायचं आणि महिपतीने विट्याच्या स्टँडवर उतरवून घ्यायचं असं ठरलं. महिपतीने फोनवरून जावयाला बजावलं, ड्रायव्हरच्या मागची सीट, मागच्या चाकावरची नाही. एक मिनिट चाळीस सेकंद. त्याने वहीत मांडून ठेवलं.

दुसऱ्या महिन्याचे दोन टप्पे पडले. सत्तावीस. सातवा लागल्यावर एका बुधवारी सुकन्या निघाली. गाडी पाच दहाला विट्यात येणार होती.

त्या दिवशी कलावतीने सकाळीच चौदा मिनिटं खाल्ली. डिंक किती भाजायचा यावर मायलेकी बोलत बसल्या आणि महिपती घड्याळ हातात धरून समोर उभा. साडेचारला सुकन्याने धोंडेवाडी मागे पडल्याचं सांगितलं. तीन मिनिटं. आता तीन उरली होती, आणि ती पुरेशी होती. दोघं स्टँडवर येऊन उभी राहिली. पाच दहाला रस्त्याच्या टोकाला गाडी दिसली. लाल, धुळीने माखलेली, पुढे पाटीवर विटा.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर सुकन्याचा चेहरा घामाने थबथबला होता.

"आप्पा, पोटात कळ आली."

"आत्ता? अगं, सातवाच हाय."

"आप्पा, मला भ्या वाटतंय."

"ही बघ गाडी दिसतीया मला. आलीसच तू. दम धर."

तीन मिनिटं संपली. महिपतीच्या डोळ्यांसमोर गाडी आगपेटीएवढी झाली, मग ठिपका, मग रस्त्याच्या टोकाला नुसता ऊस उरला. गाडी मागे आली नव्हती. तिचं तोंड विट्याकडेच होतं आणि चाकं पुढेच फिरत होती.

"आप्पा, तुम्ही दिसला हुता मला," सुकन्या म्हणाली. "आई पण. आता ऊस दिसतोय."

महिपतीने फोन कापला.

"अहो!" कलावती ओरडली.

"गप. बघ तिकडं."

काही वेळाने उसातून लाल ठिपका निघाला. वाढत वाढत आगपेटीएवढा झाला. महिपतीचा हिशेब बरोबर होता. बोललं नाही की गाडी येत होती. फोन वाजायला लागला. त्याने उचलला नाही. फोन थांबला आणि परत वाजला. गाडीची पाटी आता वाचता येत होती. आणखी एकदा वाजल्यावर कलावतीने त्याच्या हातातून फोन हिसकावला.

"लेकरू आई म्हणून हाक मारतंय, आन तुम्ही टप्पे मोजताय? दगड हायसा का माणूस?"

पडद्यावर चेहरा नव्हता, गाडीचं छत दिसत होतं आणि सुकन्याचं कण्हणं ऐकू येत होतं. मग कुणीतरी म्हणालं, बाजूला व्हा, धोंडेवाडीला चढलेल्या बाया आल्यात. कलावती फोनमध्ये तोंड घालून सांगत राहिली, श्वास घे, ओठ चावू नगस, मी हाय. महिपती रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. गाडी किती लांब गेली ते त्याला बघायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही तपासायचं नव्हतं. थोड्या वेळाने फोनमधून बारीक, चिडलेलं रडणं आलं आणि दोघं स्टँडच्या फरशीवर बसूनच गेली.

मुलगी होती. सातव्यातली, मुठीएवढी, पण धडधाकट.

"आता ठेवू या," महिपती डोळे पुसत म्हणाला.

"एवढी दूध प्यायला लागू दे," कलावती म्हणाली. "मग ठेवू."

ती दूध प्यायला लागली. मग बाराव्या दिवशी गाडीतच बारसं निघालं. खिडकीच्या दांडीला सुकन्याची साडी बांधून पाळणा केला आणि मंजिरी नाव ठेवलं. बारशात फोन कसा कापायचा? मग तिला दात येणार होते. मग ती दोन सिटांच्या मधून, भिंत धरावी तशा सिटा धरून चालायला लागली, आणि चालणारी नात बघायची सोडून कुठला आजा फोन ठेवतो?

स्टँडवरचं घड्याळ पाच दहावर होतं. पाच दहाची गाडी आल्याशिवाय पाच अकरा वाजणार नाहीत हे महिपतीला कुणी सांगायला नको होतं. कॅन्टीनवाल्याचा चहा तोच उकळत होता. गाडीच्या खिडकीतून मात्र दिवस सरत होते, ऊस तोडला जाई, परत उगवे, आणि अशी गावं लागत होती ज्यांची नावं महिपतीने कधी ऐकली नव्हती. तो ती वहीत लिहून घेत होता. वही भरली.

"सुकू, गाडीतली माणसं कशी हायती?" त्याने एकदा विचारलं.

"चांगली हायती, आप्पा. शेंगा देतात."

"घेऊ नगस त्यांच्याकडनं."

"इतकी वर्षं काय खाल्लं असतं मग?" सुकन्या म्हणाली. तिच्या कानाशी दोन केस पांढरे झाले होते. महिपतीने ते परत मोजले. फोन रोख घेतला असता तर एकशे दोन टप्प्यांत ती दोन दिवसांत पोचली असती, आणि हवं तितकं बोलता आलं असतं. हा हिशेब त्याने दुकानातच केला होता आणि बरोबर केला होता.

एके दिवशी गाडीचा कंडक्टर त्यांच्या सिटापाशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पडद्यात मावत नव्हता, फक्त हात दिसत होता.

"पोरीचं वय?"

"चार," सुकन्या म्हणाली.

"पाच पूर्ण दिसतात. हाफ तिकीट घ्या."

महिपतीने मंजिरीकडे पाहिलं. खांदे, दात, गुडघ्यावरची खपली. त्याच्या नजरेला चुकायची सवय नव्हती. पाच पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

"चारच हाय ती!" तो विट्याच्या स्टँडवरून जोरात ओरडला. "मी आजा हाय तिचा! चारच!"

कंडक्टरचा हात थांबला. मग त्याने हाफ तिकीट फाडलं.

मंजिरी पडद्याजवळ आली. तिला आजोबा फोनमध्येच राहतात असं वाटत असे.

"आजोबा, हे खालचं लाल बटण काय आहे?"

"काय नाही, बाळ. त्याला हात लावू नगस."

"का?"

महिपतीने मनात दोन्ही बाजू तोलल्या. हात लावलास तर तू येशील. हात लावलास तर तू दिसणार नाहीस. कलावतीने त्याचा दंड घट्ट धरला होता, ओढत होती की ढकलत होती ते समजत नव्हतं. दोघांपैकी कुणीच रस्त्याकडे बघत नव्हतं. पडद्यावर मंजिरीचं बोट वर आलं, नखात शेंगदाण्याचं लाल फोलपट अडकलेलं, आणि मोठं मोठं होत गेलं.