दुरुस्ती एकदाच

तिनं सासऱ्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि त्यांचा फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, इथे अंगठा लावा. एवढंच करायचंय."

"झालं हिचं सुरू!" सासरे हसले. "अगं, मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई?"

तिला हसू आलं नाही. चूक तिचीच होती, आणि तीही अशी की तिच्याच धंद्यातल्या माणसानं करावी. ज्या जुन्या, भक्कम जाळ्यावर जगभरची माणसं आपली डिजिटल नाणी फिरवतात, त्याच जाळ्यावर तिनं मृत्यूच्या नोंदींचं ॲप उभं केलं होतं. तिथे लिहिलेलं ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. इस्पितळं, कचेऱ्या, सगळे त्या नोंदी बघूनच पुढचं काम करत. पहिली खरी नोंद कुणाची व्हावी, तर सासूबाईंची. त्याला आठ महिने झाले.

परवा ॲपमधली नवी सुधारणा तपासायला तिला एक नाव हवं होतं.

"घाल माझंच," सासरे म्हणाले होते. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं."

तिनं घातलं. सरावासाठी वेगळं जाळं असतं, त्यावर जायचं ती विसरली. नोंद खऱ्या जाळ्यावर गेली!

आज इस्पितळातून निरोप आला. रुग्ण मृत असल्यामुळे सोमवारचं हृदयाचं ऑपरेशन रद्द. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आता एक आठवडाही थांबू नका. परगावी असलेल्या नवऱ्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, तेच तिला कळेना.

नशीब, तिनं एक वाट ठेवली होती. ज्याची नोंद झाली, त्यानं आपल्याच फोनवर स्वतः अंगठा लावून 'मी हयात आहे' म्हटलं की नोंद फिरायची. मात्र एका घराला एकदाच. लबाडी नको, म्हणून हा नियमही तिनंच घातला होता.

"घरच्या यादीत हिच्या नावाखालीच माझं नाव आलंय," सासरे फोनकडे बघत म्हणाले. "बरं वाटलं बघून."

"बाबा, पाया पडते तुमच्या."

"लावतो गं. आत जाऊन लावतो. दहा मिनिटं दे."

ते खोलीत गेले. ती संगणकापुढे नखं कुरतडत बसली. शेवटी पडद्यावर उमटलं, 'दुरुस्ती मंजूर.' तिच्या जिवात जीव आला. इस्पितळाला कळवायला तिनं सासऱ्यांचं नाव उघडलं.

मृत.

वरच्या ओळीत सासूबाईंचं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, 'हयात. अंगठा जुळला.'

सासूबाईंचा फोन सासऱ्यांच्याच कपाटात होता, ते ठीक. पण अंगठा? सासूबाईंच्या जिवंत अंगठ्याशिवाय दुरुस्तीचं ते कुलूप उघडणं शक्यच नव्हतं. सहा महिने खपून तिनंच ते बनवलं होतं.

ती खोलीत धावली.

"बाबा, हे काय झालं? आता तुमची नोंद कधीच फिरणार नाही!"

सासरे पलंगाच्या कडेला पाठमोरे बसून पलीकडच्या बाजूचं पांघरूण सारखं करत होते.

"कळतंय गं मला. पण जन्मभर सगळं माझंच आधी झालं. हिला म्हटलं, या वेळी तू लाव." त्यांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."