हस्ते बकुळ

बँकेचं असं असतं बघा, माणूस समोर उभं असलं तरी तिला कागदच लागतो. झाशीच्या नगरा वस्तीतला प्लॉट इंदुमतीच्या नावावर होता, तिच्या माहेरच्या पाटल्या मोडून घेतलेला. तो गहाण ठेवून घरासाठी कर्ज काढायचं तर सही तिची हवी, आणि गावातल्या कुठल्या पतसोसायटीचं तिच्याकडे काही येणं नाही असा दाखलाही तिच्याच नावाचा हवा. यजमान मार्तंडराव पोंक्षे मालगाडीचे गार्ड, येत्या मार्चला रिटायर होणार. रिटायर झाले की रेल्वेचं क्वार्टर सोडायचं. तेव्हा मार्चच्या आत नगऱ्यात चार भिंती उभ्या राहायला हव्या होत्या, नाहीतर म्हातारपणी भाड्याच्या खोल्या हुडकत झाशीभर हिंडा. ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या श्रावणातली.

इंदुमती लेकीला, उषाला, घेऊन सोसायटीत गेली. उषा कॉलेजात होती. घरात मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तरं द्यायची, झाशीतली आपली पोरं देतात तशी. खिडकीत जगन्नाथबाबू होते, रोज मोठ गावाहून बसनं येणारे, पान लावल्याशिवाय वही न उघडणारे. त्यांनी एक वही पाहिली, दुसरी पाहिली, मग कपाटावरून एक धुळकट वही उतरवली. बायकांची एक शिवणाची सोसायटी होती म्हणे पूर्वी, ती बुडाली आणि तिचं देणंघेणं यांच्या गळ्यात पडलं होतं.

"भाभीजी, आप तो हमारी पुरानी देनदार निकलीं," ते म्हणाले. "सन पचपन. इंदुमती, पत्नी मार्तंड, रेलवे गार्ड. एक सिलाई मशीन, किस्तों पर. चार किस्तें आईं, फिर बंद. ब्याज जोड़कर छह सौ चालीस."

"ऐसे कैसे?" उषा उसळली. "आईचं लग्नच सत्तावन में हुआ!"

जगन्नाथबाबूंनी अर्जाला जोडलेला मार्तंडरावांच्या ऑफिसचा कागद पुढे सरकवला. पत्नी इंदुमती, सन एक्कावन्नपासून. "रेलवे झूठ बोलती है क्या, बिटिया? यहाँ तो एक ही इंदुमती है." मग एका चिठ्ठीवर मशीनचा नंबर लिहून दिला. म्हणाले, कर्ज तुमचं नसेल तर तसं सिद्ध करून आणा, तोवर दाखला नाही.

पंचावन्न साली ही बैतूलला नववीत होती आणि हिचं नाव बकुळ होतं. मार्तंडराव बिजवर आहेत हे तिला ठाऊक होतं, लपवलं कुणी नव्हतं. पहिलीला घरात सगळे 'थोरली' म्हणत. तिच्या नावाचा चांदीचा टाक हिनं गळ्यात घातला होता, सणावारी त्याला हळदकुंकू लावलं होतं. अविधवा नवमीला गुरुजी संकल्पात थोरलीचं नाव घेत असणार, पण तेव्हा ही आत वडे तळत असायची. थोरलीचं नाव काय, हे बावीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच तिला सुचलं नव्हतं.

घरी मार्तंडराव ड्यूटीवरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले होते.

"अहो, थोरलीचं नाव काय होतं?"

त्यांनी पाण्यातून पाय काढले. बराच वेळ टॉवेलनं पुसत राहिले.

"इंदुमती," ते म्हणाले. "आई म्हणाली, तेच ठेव. पासावर तेच, दवाखान्याच्या कार्डावर तेच, फंडाच्या कागदावर तेच. बदलायचं म्हणजे ती गेल्याचा दाखला काढा, फॉर्म भरा, हेडक्लार्कच्या दारात उभे राहा. नाव तेच ठेवलं की काही करावंच लागत नव्हतं."

ऐका! नवी बायको आणली आणि फॉर्म वाचवला! लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं नाव लिहिलं, तेव्हा बकुळनं लाजत वाचलं होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. किती हौसेनं निवडलंय, असं वाटलं होतं बिचारीला.

तिला राग यायला हवा होता. आला नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तशी ती आतून बधिर झाली होती. तिनं आत जाऊन वरण घोटलं आणि सगळ्यांना वाढलं.

जेवताना मार्तंडराव म्हणाले, "दोनच वाटा आहेत. एक, पैसे भरून मोकळे व्हा. दुसरी, मी ऑफिसला लिहून देतो की पहिली बायको छप्पन साली टायफॉइडनं गेली आणि मी कळवलं नाही. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, मार्च काही कुणासाठी थांबणार नाही. चुकलं माझं. तू म्हणशील तसं करू."

जन्मात पहिल्यांदा 'तू म्हणशील तसं' म्हणाले, तेही कधी, तर म्हणण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा.

"मी ते कर्ज घेतलेलं नाही," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शिवणाच्या मशीनवरचं कव्हर काढलं. हे मशीन तिला लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी, जानकीबाईंनी, दिलं होतं. "हे तुझं हो," म्हणाल्या होत्या. पत्र्यावरचा नंबर मळानं बुजला होता. तिनं खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, पदरानं पुसलं आणि चिठ्ठी शेजारी धरली. एकेक आकडा जुळला.

उषाचं पहिलं झबलं याच मशीनवर शिवलं होतं. शाळेचे फ्रॉक याच्यावर, कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज याच्यावर. प्लॉटच्या रजिस्ट्रीचे पैसेसुद्धा त्या ब्लाउजांतूनच उभे राहिले होते. आणि हे कुणी आणलं होतं, तर चार हप्ते भरून पाचव्याच्या आत मेलेल्या एका बाईनं. तिनं याच्यावर काय शिवलं असेल, काही शिवलं तरी असेल का, देव जाणे. इंदुमतीला तिचं वाईट वाटलं. स्वतःचं काय वाटत होतं ते मात्र तिला चाचपूनही सापडेना.

"आई, लड़ो ना," उषा म्हणाली. "वकील करू. तुम्हारा कर्ज है ही नहीं!"

"कुणाशी भांडू गं? मशीन घरात आहे."

सोमवारी ती एकटीच सोसायटीत गेली. शिलाईच्या पैशांचा डबा पिशवीत होता. जगन्नाथबाबूंनी नोटा मोजल्या, पान गालाच्या दुसऱ्या बाजूला सारलं आणि पावती लिहायला घेतली. खातं इंदुमती पत्नी मार्तंड, रक्कम छह सौ चालीस.

"हस्ते? मार्तंडजी लिख दूँ?"

"नहीं भैया. बकुल लिखिए."

"ये कौन हुईं?"

"मैं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप तो इंदुमती हैं ना?"

"मशीन इंदुमती ने ली थी," ती म्हणाली. "पैसे बकुल ने भरे. जैसा हुआ, वैसा लिखिए."

कारकून माणसाला वाद घालायचा कंटाळा असतो, तोच कामाला आला. हस्ते बकुल, असं त्यांनी लिहिलं आणि खाली शिक्का मारला. येणं नसल्याचा दाखला इंदुमतीच्या नावानं वेगळा दिला. बँकेला तेवढा दाखला पुरेसा होता, पावती कुणी मागणार नव्हतं. बावीस वर्षांत ते नाव एखाद्या कागदावर चढलं ते हे असं, दुसरीच्या खात्यावर.

घरी येऊन तिनं दाखला मार्तंडरावांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "झालं बाई एकदाचं. आता घर होतंय बघ." तिनं मान हलवली. पावतीची घडी करून मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली ठेवली, आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली.

बाहेरच्या खोलीत त्यांनी पेपर उघडला. "इंदू, चहा ठेव गं," त्यांनी हाक मारली.

ती हलली नाही. अभ्यासाला बसलेल्या उषानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"इंदू, अगं ऐकलंस का?"

दुसरी कुणी उठतेय का, याची तिनं वाट पाहिली. कुणीच उठलं नाही, तेव्हा ती उठली आणि चहा ठेवला.