वाढत्या अंगाचं काडतूस

माझ्या आईने मला कधीच मापाचा शर्ट घेऊ दिला नाही. दुकानदाराने बत्तीस नंबर काढला की ती म्हणायची, "चौतीस दाखवा, वाढतं अंग आहे." शाळेची दहा वर्षं मी बाह्या दुमडून काढली. नागपूर सोडून परदेशात, बर्नाबीला येऊन आता सव्वीस वर्षं झाली, पण ती सवय काही सुटली नाही. आमच्या घरातली कढई, गाडी, फ्रीज, सगळंच गरजेपेक्षा एक नंबर मोठं आहे.

शिकारीचं खूळ मात्र माझं नव्हे, आमच्या ऊर्मीचं. फॉरेस्ट्री शिकताना एक दिवस तिने जाहीर केलं की ग्रोसरीतल्या ट्रेमधलं मटण खायची तिला लाज वाटते. खायचंच तर स्वतः मारून, स्वतः सोलून. माझी बायको माधवी म्हणाली, "आधी स्वतःची खोली आवर." पण पोरगी ऐकते थोडीच! तिने कोर्स केला, लायसन्स काढलं. एकटीला जंगलात कसं सोडायचं म्हणून मीही परीक्षेला बसलो. तिला अठ्ठ्याण्णव मार्क पडले, मला एक्क्याऐंशी. तिने ते फ्रीजवर लावून ठेवले.

नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर ग्लेन नावाचा एक म्हातारा भेटला. त्याची जुनी रायफल उसनी घेऊन ऊर्मीने मागच्या वर्षी एक हरीण मारलं. मूस म्हणजे इथलं घोड्याहून थोराड सांबर; यंदा जुलैमध्ये त्याच्या शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत तिचं नाव निघालं. तीन वर्षं ती अर्ज करत होती. ऑक्टोबरात आठ दिवस, एक नर मूस, एवढीच परवानगी. आणि नोव्हेंबरात ती नोकरीला हॅलिफॅक्सला जाणार होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. बापलेकीची ही शेवटची शिकार, हे आम्ही दोघंही जाणून होतो. बोलत मात्र कोणी नव्हतं.

तेव्हा ठरलं, आता स्वतःची रायफल घ्यायची. रायफल निवडायची म्हणजे खरं तर काडतूस निवडायचं, कारण एका रायफलीत एकाच जातीचं काडतूस चालतं. मी इंजिनियर माणूस. चौदा कॉलमची एक्सेल शीट केली. हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्याला चालेल असं एकच काडतूस हवं होतं.

"बाबा, ग्लेनची थ्री-ओ-एट आहे ना, तसलीच घेऊ," ऊर्मी म्हणाली. "दोनशे मीटरच्या आत मूसलाही इनफ आहे. मी त्याहून लांब शूट करणारच नाहीये."

"आणि उद्या ग्रिझली अस्वल समोर आलं तर?"

"तर आपण मागे फिरू."

दुकानातल्या माणसानेही विचारलं, चालवणार कोण? मी म्हटलं, दोघंही. मग त्याने थ्री-ओ-एट आणि थर्टी-ऑट-सिक्स अशा दोन रायफली पुढे ठेवल्या आणि म्हणाला, यातली कुठलीही घ्या, इथलं सगळं होईल. मी तिसरीकडे बोट दाखवलं. थ्री हंड्रेड मॅग्नम. बारूद जास्त, पल्ला जास्त, जोर जास्त. एकदाच घ्यायचं तर मोठं घ्यावं. ऊर्मी काही बोलली नाही. आईपुढे मीसुद्धा असाच गप्प राहायचो, पण हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

गोळी सुटताना मॅग्नम मागे किती धक्का देते तो आकडा शीटमध्ये होता; तो सोसायचा कोणी, हे नव्हतं. पंधरावा कॉलम असता तर खांद्यासाठी ठेवला असता! पहिल्याच दिवशी ऊर्मीच्या गोळ्या टार्गेटच्या खाली, कागदाच्या कडेला जाऊन लागल्या. ग्लेनच्या रायफलीने हीच मुलगी शंभर मीटरवर चहाच्या बशीएवढ्या जागेत पाच गोळ्या बसवायची.

"प्रॅक्टिस कर," मी म्हटलं. "होईल सवय."

तिने पाच शनिवार प्रॅक्टिस केली. दर शनिवारी गोळ्या आणखी खाली. दर शनिवारी माझं तेच पालुपद: श्वास धर, डोळे मिटू नकोस, लक्ष कुठे आहे तुझं? मी स्वतः तीन-चार गोळ्या झाडून बाजूला व्हायचो. "तुझी प्रॅक्टिस जास्त महत्त्वाची," असं म्हणायचो. घरी येऊन वॉशरूमचं दार लावून खांद्याला मलम चोळायचो, ते मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात माधवीने ऊर्मीचा खांदा पाहिला. जांभळाच्या रंगाचा डाग, तळहाताएवढा. माधवी तशीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "शिकारीला नेतोयस की शिक्षा देतोयस पोरीला?"

"अगं, मूस आहे तो. पाचशे किलोचं जनावर—"

"आणि ही किती किलोची आहे?"

जेवताना ऊर्मी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी ट्रिप कॅन्सल करतेय. जनावर एका गोळीत क्लीन जाणार नसेल, तर मी ट्रिगरला हात लावणार नाही. जखमी करून सोडायचं नाही मला. आणि ह्या रायफलने मला खात्री नाही."

मला राग आला. तीन वर्षांनी लागलेली सोडत, दहा दिवसांवर आलेली तारीख, आणि ही सहज म्हणते कॅन्सल! "खात्री मनात असावी लागते, रायफलीत नाही," मी ऐकवलं.

तिने वाद घातला नाही. "ओके. उद्या तू पाच गोळ्या मार. लोड मी करून देईन."

दुसऱ्या दिवशी रेंजवर मी ऐटीत बसलो. ती एकेक काडतूस भरून रायफल माझ्यापुढे ठेवी. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी मी श्वास धरला, चाप ओढला आणि नुसतं खट् वाजलं. आवाज नाही, धक्का नाही. पण नळी सपकन खाली गेली होती, खांदा पुढे आला होता आणि डोळे गच्च मिटले होते. तिने बारूद नसलेलं, सरावाचं काडतूस भरलं होतं. न आलेल्या धक्क्याला मी घाबरलो होतो. शेजारच्या टेबलावरून ग्लेन बघत होता. त्याने टोपी डोळ्यांवर ओढून हसू लपवलं.

"मलाही हेच होतंय, बाबा," ऊर्मी म्हणाली. "प्रॅक्टिस केली की जास्त होतं."

 इतके शनिवार मी तिला जे जे ऐकवलं होतं, ते सगळं मला आठवलं. मला स्वतःची लाज वाटली. तरी तोंडातून निघालंच, "तुला पुढे उपयोगी पडेल असं वाटलं गं. मोठी झालीस की..."

"बाबा, मी आठवीपासून पाच फूट दोनच आहे."

त्याच दुपारी मॅग्नम परत करून आम्ही थ्री-ओ-एट आणली. दुकानदाराने काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

चिलकोटिनच्या जंगलात, शिकारीच्या पाचव्या सकाळी दलदलीच्या काठाला मूस आला. शंभर-सव्वाशे मीटरवर, पण आमच्याकडे तोंड करून. मार, मार, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ आवरली. ऊर्मी थांबली; समोरून मारलं तर एका गोळीत जाईल याची खात्री नव्हती. तो चरत राहिला, ती थांबलेलीच. माझे पाय बधिर झाले. मग तो वळला, पूर्ण आडवा झाला, आणि एक गोळी सुटली. मूस वीसेक पावलं चालला आणि गुडघ्यांवर बसला. पुन्हा उठला नाही.

त्याच्या मानेवर हात ठेवून ती बराच वेळ रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मग विचारलं, "खांदा दुखला का गं?"

"खांदा?" तिने नाक पुसलं. "धक्का बसला ते कळलंसुद्धा नाही मला."

दिवसभर आम्ही मांस कापून, पाठीवर लादून गाडीपर्यंत वाहिलं. सगळ्यात जड ओझी तिने माझ्याकडून काढून घेतली. मी तिला अडवलं नाही.

घरी आल्यावर माधवीने खिमा केला. ऊर्मीने तीनदा वाढून घेतला. तिच्या जाण्याला आता तीन आठवडे उरले होते. हॅलिफॅक्सच्या थंडीसाठी मी तिला आधीच एक जॅकेट आणून ठेवलं होतं, मीडियम, आत स्वेटर मावावा म्हणून. ते कपाटातून काढलं, बिल शोधलं आणि एकटाच दुकानात गेलो.

"बरोबर आलं नाही का?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मोठं होतंय. स्मॉल द्या," मी म्हटलं. "ती आता वाढणार नाही. जाणार आहे."