डोमाची निवड

माणूस निवडायचा तर त्याला समोर बसवून चहा पाजावा, असं माझं मत. पण आमच्या रिसॉर्टचे मालक नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकतात. यंदा त्यांनी वीस वर्षं इथं मॅनेजर असलेल्या मला बाजूला सारलं आणि जंगल सफारीच्या गाईडची भरती एआयकडे दिली. ते उमेदवारांना फोन लावायचं, बाईच्या गोड आवाजात प्रश्न विचारायचं आणि गुण द्यायचं. "वामनराव, मशीनला भाचे-पुतणे नसतात," मालक म्हणाले. टोमणा मलाच होता. मी गिळला.

जागा एक आणि अर्ज त्रेसष्ट. पहिला आला डोमा भोयर, शंभरपैकी चौऱ्याण्णव. निवडीचा मेसेज मशीननंच पाठवला, आणि बाकीच्यांना 'तुमच्यापेक्षा योग्य उमेदवार मिळाला' असंही त्यानंच कळवलं.

तिसऱ्या दिवशी गोकुळा ऑफिसात आली. जंगलाच्या कडेच्या बफर पट्ट्यातल्या गावची, तळ्यावर मासे धरणारी, पस्तिशीची बाई. गुणांत तिचा नंबर दुसरा होता. तिचा फोन लागला तेव्हा ती जंगलात सरपण तोडत होती, आणि मशीननं विचारलं, वाघ किती वेळा पाहिला. जंगलात उभं राहून त्याचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही. मशीननं तीनदा विचारलं, ती तीनदा गप्प राहिली. गुण तिथंच गेले. घरात दोन पोरी होत्या. ही नोकरी लागली असती तर एकटीनं पायी जंगलात शिरणं सुटलं असतं.

"मले फक्त सांगा भाऊ," ती म्हणाली, "माह्यापेक्षा जंगल जास्त ओळखते, तो कोन हाये?"

मी नाव सांगितलं.

"माहा नवरा हाये तो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडाले गेल्ता. त्यानंच नेला."

तो 'त्यानं' कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्या निकेशला फोन लावला. त्यानं सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये डोमानं त्याच्याकडून अर्ज भरून घेतला होता. डोमा फोनवर बोलायला बुजायचा, म्हणून निकेशनं त्याचा आवाज भरून एक ॲप लावून दिलं. नोकरीचा फोन आला की तो निकेशच्या कॉम्प्युटरवर वळणार आणि डोमाच्या आवाजात ॲपच उत्तर देणार. डोमा गेला, पण नंबर गोकुळानं बंद करू दिला नव्हता. म्हणजे आमच्या मशीननं दुसऱ्या मशीनची अकरा मिनिटं मुलाखत घेतली आणि चौऱ्याण्णव गुण दिले. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

गोकुळानं ती मुलाखत ऐकायला मागितली. मला ती ऐकवावीशी वाटत नव्हती, पण लावली. डोमाचाच आवाज, मधूनमधून त्याचा तो खोकलाही. वाघाचं नाव मात्र त्यानं धडाधड नऊ वेळा घेतलं.

"आवाज त्याचाच हाये," ती म्हणाली. "पन हे नाव त्यानं घरातबी कधी घेतलं नाई."

शेवटी मशीननं विचारलं, रुजू कधी होणार? तो म्हणाला, "एक तारखेले, सकाळी सहाले येतो मी." गोकुळानं ते वाक्य मला चार वेळा लावायला सांगितलं.

मालकांना सांगितलं तर ते हसले. पहिला उमेदवार रुजू व्हायच्या दिवशी गैरहजर लागला की जागा आपोआप दुसऱ्याला जाते, म्हणाले, तेवढं एक बटण दाबा. त्याच दिवशी मी निकेशला समोर बसवून ते ॲप काढून टाकायला लावलं. गोकुळाला निरोप धाडला, एक तारखेला ये, नोकरी तुझीच.

एक ऑक्टोबरला धुकं होतं. सफारीच्या जिप्सी गाड्या रांगेत लागल्या होत्या. गोकुळा साडेपाचलाच येऊन फाटकात उभी राहिली होती, इस्त्रीच्या साडीत. सहा वाजले तसा माझ्या मोबाइलमधून मशीननं स्वतःच डोमाचा नंबर लावला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन रिंगा झाल्या आणि फोन उचलला गेला.

"डोमाजी, आपण कुठे पोहोचलात?" गोड आवाजानं विचारलं.

"गेटवरच हाओ, बाई."

मी मान वर केली. फाटकाबाहेर रस्ता रिकामा होता आणि त्याच्यापुढे नुसतं धुकं. स्क्रीनवर दोन बटणं आली, हजर आणि गैरहजर. मी घाईघाईनं गैरहजरवर बोट नेलं. मला तो आवाज संपवायचा होता, आणि तिची नोकरीही पक्की करायची होती. गोकुळानं माझं मनगट धरलं.

"नका लिहू, भाऊ."

"नोकरी जाते तुझी, गोकुळाबाई. पोरींचं काय करशील?"

"माहीत हाये मले." तिचे डोळे भरून आले होते, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, रस्त्याकडे पाहत होती. "पाच महिन्यानं आला हाये तो. त्याले गैरहजर कशी म्हनू मी?"

ती फाटकाच्या मधोमध उभी होती. तिनं माझं मनगट सोडलं, एक पाऊल बाजूला सरकली आणि एका माणसाला आत येता येईल एवढी वाट करून दिली. मी हजरवर बोट ठेवलं.