तिच्या तोंडी कुणाचा आवाज?

“ऐकतोस का रे बाळा?” माझ्या जाळीवर हलकेच फुंकर घालून कारखान्यातल्या बाईंनी विचारलं होतं. माझ्या कानी पडलेला तो पहिला आवाज.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. आहे तो सगळा कानच. कुणाचा आवाज भरल्या घागरीसारखा, कुणाचा वाळल्या पानासारखा. प्रत्येक नवा आवाज आला की मला वाटे, हा कुठल्या घरातून आला असेल बरं?

माझा जन्म गेला डबिंगच्या खोलीत. पडद्यावरची माणसं ओठ हलवतात आणि माझ्यासमोर उभी असलेली माणसं त्या ओठांत आवाज घालतात. काचेपलीकडे बसणाऱ्या ध्वनिमुद्रकांना सगळे कानसेन म्हणत. ते मला रोज मऊ कापडाने पुसत. पुढे सडपातळ, नवे माइक आले आणि मी पेटीत धूळ खात पडलो. एकदा मात्र कानसेनांनी मला स्वतःहून बाहेर काढलं. वॉकीटॉकीवरचा खरखरीत आवाज पकडायला माझाच म्हातारा कान हवा होता.

चित्रपट थराराचा होता. शहरभर अंधार, उंच इमारतीला आग, आत अडकलेली माणसं आणि वॉकीटॉकीवरून त्यांना वाट सांगणारी एक मुलगी. ती मुलगी बोलताना अडखळायची, सिनेमात आणि खरीखुरीसुद्धा. दिग्दर्शक बाईंनी तिला मुद्दाम निवडलं होतं. शहर म्हटलं की सगळ्या तऱ्हेची माणसं आली, संकट काय बोलणं ऐकून दार निवडतं, असं त्या म्हणत.

निर्मात्यांना ते पटेना. हिचं वाक्य संपेपर्यंत इमारत जळून खाक व्हायची, असं ते म्हणाले. म्हणून तर लोक खुर्ची सोडणार नाहीत, असं कानसेन पुटपुटले. पण ऐकतो कोण? शेवटी दिग्दर्शक बाईंनीही मान तुकवली. चेहरा मुलीचा राहणार, आवाज दुसरीचा.

ती मुलगी कोपऱ्यात बसून होती. चारचौघांत आपल्या लेकीने पुरं केलेलं वाक्य तिच्या आईने कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकायला आई पहिल्या खेळाला येणार होती. आता तिला काय सांगायचं, एवढंच तिने कानसेनांना विचारलं होतं.

आवाज द्यायला आल्या आमच्या ताई. कितीतरी नायिका त्यांच्या गळ्याने हसल्या, रडल्या. कागद हाती असला की ताईंचं बोलणं झऱ्यासारखं वाही. एरवी मात्र नुसती मान हलवत, हसत. असं का, याचं मला भारी कुतूहल. कानसेन थट्टेने म्हणत, ताई शब्द विकतात, फुकट वाटत नाहीत.

पडदा उजळला. “पायऱ्यांकडे जाऊ नका,” ताई सफाईने म्हणाल्या. पण पडद्यावर मुलीचे ओठ अजून मिटलेलेच होते. ‘प’ तिथेच अडला होता, डोळे ताणले होते. ताईंचे शब्द संपून गेले, तेव्हा कुठे तिचे ओठ उघडले. खोलीत कुणी तरी हसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. निर्माते म्हणाले, मग चित्रच कापा, ती अडखळणारी जागाच काढून टाका.

मुलगी उठून दाराकडे निघाली.

तेवढ्यात ताईंनी कानावरचे हेडफोन काढले. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आला, परत गेला, पुन्हा आला. शब्द मात्र येईना.

मित्रांनो, कुणाचं बोलणं अडलं तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. घाईने उपटलेलं रोप हाती येतं, पण जगत नाही. थोडं थांबा. त्या दिवशी कानसेन थांबले, दाराशी मुलगी थांबली, मीही कान टवकारून थांबलो.

“मी... मी... मीपण अशीच बोलते,” ताई म्हणाल्या. “लिहिलेलं असलं की जमतं. माझं स्व... स्वतःचं नाही जमत. म्हणून गप्प राहिले इतकी वर्षं. हिला नका ग... गप्प करू.”

कानसेन काचेपलीकडून उठून आले आणि त्यांनी मला त्या मुलीच्या ओठांसमोर आणलं.